बयाबाईच्या शेतातला सरकारी तुकडा

आकाराम ग्रामसेवकाबरोबर बाजाराला जाणं त्याच्या बायकोला, लीलाबाईला, जिवावर यायचं. वडूजच्या बाजारात वांग्यांचा ढीग दिसला की हा गडी वरच्या तुकतुकीत वांग्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. मान दुसरीकडे वळवून ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, बुडातलं एक, मधलं एक, कडेचं एक अशी वांगी बाहेर काढायचा आणि तेवढ्यावरून अख्ख्या ढिगाचं भविष्य सांगायचा. माळणी त्याला ओळखून होत्या. लांबून त्याची सायकल दिसली की ढिगावर गोणपाट टाकायच्या. लीलाबाई एकदा भर बाजारात त्याला म्हणाली, "माझी निवड पण अशीच डोळं झाकून केली काय तुमी?" त्यावर त्यानं अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "न्हाई. तवा मला ह्यातलं काय ठावं नव्हतं."

माणूस विनोदी नव्हता, हे इथं सांगून ठेवलेलं बरं. जे बोलायचा ते मनापासून बोलायचा आणि लोक हसले की गोंधळून बघत राहायचा.

त्याचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. बाप केरबा हळद करायचा आणि सांगलीच्या बाजारात न्यायचा. तिथली रीत अशी, की खरेदीदार पोत्याच्या तोंडातून मूठभर हळकुंडं उचलणार, एखादं मोडून रंग बघणार आणि भाव सांगणार. मग शेतकरीही काही दुधखुळे नव्हते. चांगली जाड हळकुंडं निवडून पोत्याचं तोंड सजवायचं, हे घराघरातल्या बायकांना ठाऊक होतं. केरबा तेवढं करत नसे. त्याचं पोतं वरून खालपर्यंत सारखं. पण खरेदीदाराला काय माहीत? सगळी पोती सजवलेलीच असणार हे धरून तो सगळ्यांनाच भाव पाडून सांगायचा, आणि खरा माणूस तेवढा मधल्यामधे मारला जायचा. "दादा, ही लोकं मधनं का काढत न्हाईत?" असं आकारामनं बापाला विचारलं होतं. "मधनं काढायचं तर पोतं रिकामं कराया लागतंय," केरबा म्हणाला. "तेवढा येळ कुणाला हाय?"

हा सवाल आकारामच्या डोक्यात रुतून बसला. मॅट्रिकनंतर तो ग्रामसेवकाच्या शिक्षणाला गेला, तेव्हा तिथल्या गुरुजींनी एक दिवस वर्गात घागर आणली. घागरीत काळा आणि पांढरा पावटा मिसळलेला. काळा किती हे न मोजता सांगायचं. एकेकानं डोळे मिटून मूठभर पावटा काढला. कुणाच्या मुठीत निम्मा काळा, कुणाच्या मुठीत औषधालाही नाही. पोरं भांडायला लागली. ज्याची त्याला आपली मूठ खरी वाटत होती. गुरुजींनी प्रत्येकाचा आकडा फळ्यावर मांडला, सगळ्यांची सरासरी काढली आणि मग घागर सतरंजीवर उपडी करून सगळा पावटा मोजायला लावला. आकडा सरासरीला जाऊन भिडला.

बाकीची पोरं जेवायला गेली. आकाराम मागं राहिला. त्यानं पावटा परत घागरीत भरला. पण या वेळी आधी पांढरा आणि वर काळा, न ढवळता. मग वरच्या वर मुठी काढल्या. एकाही मुठीत पांढरा दाणा नाही. दहा मुठी काढल्या काय आणि शंभर काढल्या काय, प्रत्येक मूठ तेच खोटं बोलणार. केरबाच्या पोत्याचं उत्तर त्याला तिथं मिळालं. मूठ खोटी नसते, हात सोयीच्या जागी जातो म्हणून ती खोटं बोलते. त्या दिवसापासून आकाराम मुठीचा भक्त झाला. कुणी यमाईला मानतो, कुणी खंडोबाला. हा न ठरवता काढलेल्या मुठीला मानायचा. गुरुजींनी आकड्यांचा एक तक्ता दिला होता. त्यात आकडे कसलाही क्रम न ठेवता सांडल्यासारखे छापलेले होते. तो तक्ता त्यानं कापडात गुंडाळून पेटीत ठेवला. लीलाबाई त्याला पोथी म्हणायची.

नेमणूक झाली खटाव तालुक्यात, वडूजच्या पलीकडे, कोरडवाहू मुलखात. कृष्णाकाठच्या माणसाला तिथं आधी पाण्याचा आणि मग सावलीचा हिशेब शिकावा लागतो. तो आकाराम शिकला. त्याच्याकडे तीन गावं होती. त्यातलं दहिटेक सगळ्यात लांब, माळावरचं. निम्मी वस्ती मराठ्यांची, निम्मी धनगरांची. धनगर पूर्वी बारा महिने मेंढरांमागं फिरायचे, आता त्यांनी माळ फोडून थोडीथोडी शेती धरली होती.

ग्रामसेवकाच्या मागं लागलेल्या शंभर कामांत आकारामचं लाडकं काम एकच होतं, पीक कापणीचं. तालुक्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, किती पिकला हे बघायला प्रत्येक शेत तोलत बसणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून काही गावं काढायची, गावातलं शेत काढायचं, शेतातला दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा एक तुकडा काढायचा. तेवढाच कापायचा, बडवायचा आणि तोलायचा. शेत कुठलं आणि तुकडा कुठला हे माणसानं ठरवायचं नाही. तक्त्यात जो आकडा पुढं येईल त्या नंबरचं शेत. मग शेताच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात उभं राहायचं, तक्ता सांगेल तितकी पावलं लांबीला, तितकी रुंदीला, आणि जिथं पाय थांबेल तिथं पहिली खुंटी. मग ती जागा खडकाळ असो की भुसभुशीत.

खुंटी ठोकायची ती कापणीच्या दिवशी, असा नियम होता. पण तीन गावं, एक सायकल आणि वाटेला सगळे दगडगोटे. ग्रामसेवक पोचेपर्यंत शेत मोकळं झालेलं असायचं. म्हणून सगळ्या तालुक्यातल्या ग्रामसेवकांनी आपापसात एक सोय लावून घेतली होती. महिना-दीड महिना आधीच खुंट्या ठोकून ठेवायच्या, वर चुना लावायचा आणि शेतकऱ्याला सांगायचं, की मी येईपर्यंत एवढं राखून ठेव. नियमात बसत नव्हतं, पण त्यात कुणाचं काही बिघडतंय असंही वाटत नव्हतं. आकाराम नियमाचा पक्का माणूस, पण या सोयीत तोही सामील होता.

ही गोष्ट घडली ती बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाल्यावर. त्या साली हस्ताचा पाऊस पडलाच नाही. पेरणी झाली होती, पण शाळू गुडघ्याला येऊन तिथंच रुसून बसला. दुष्काळ म्हणावा असा नाही आणि सुकाळ तर मुळीच नाही, असलं आडमुठं साल. दहिटेकच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम सुरू होतं आणि निम्मं गाव तिथं माती वाहत होतं. आता सगळ्यांचं लक्ष आणेवारीकडे, म्हणजे पुरं पीक सोळा आणे धरून यंदाचं किती आणे ठरतंय याकडे, लागलं. तालुक्याचं पीक आठ आण्यांच्या आत उतरलं तर तलावाचं काम मृगापर्यंत चालणार. आठ आण्यांच्या वर गेलं तर शिमग्याला बंद. ज्याच्या घरात दोन खाती माणसं होती त्यालाही हे पाठ होतं.

त्या पौषात आकाराम तक्ता घेऊन दहिटेकला आला. सरपंच लालासाहेब त्याला चहा पाजून म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या हिरीजवळचं रान बघा की. रस्त्याकडंला हाय, तुमाला चालायचा तरास न्हाई. आवं, शितावरनं भाताची परीक्षा. येक शेत बघितलं काय आन् दुसरं काय."

"भात शिजताना ढवळलेला असतोय, सरपंच," आकाराम म्हणाला. "कुठलं बी शीत घेतलं तरी चालतंय. शेत कुणी ढवळलंय? एका अंगाला हीर, दुसऱ्या अंगाला खडक. मग आपल्यालाच ढवळावं लागतंय. त्येच्यासाठी ह्यो तक्ता."

लालासाहेबाला ते फारसं पटलं नाही. तक्त्यातून नंबर निघाला तो बयाबाईच्या शेताचा.

बयाबाई धनगराची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा धुळा मेंढरं घेऊन दिवाळीतच कृष्णाकाठाला उतरला होता. उसाच्या रानातून खतासाठी मेंढरं बसवत तो आखाडापर्यंत तिकडंच असायचा. घरी बयाबाई, सून हरणाबाई आणि एक लहान नात. हरणाबाईला दिवस गेले होते, चैत्र-वैशाखात मोकळी होईल असा अदमास होता. तलावाचं काम टिकलं तर बयाबाई एकटी माती वाहून तिघींना जगवणार होती. काम बंद पडलं तर घराला कुलूप लावून कृष्णाकाठी, मेंढरांच्या वाड्यावर, उघड्यावर. बयाबाईनं स्वतःची बाळंतपणं तशीच काढली होती. धुळा उसाच्या बांधावर जन्मला, आणि त्याच्या आधीची दोन त्याच बांधांवर गेली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की सुनेचं हे बाळंतपण छपराखाली व्हावं.

आकाराम नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून पावलं टाकत निघाला, तेव्हा बयाबाई त्याच्या मागं मागं चालत होती. पाय थांबला तो शेताच्या ऐन मध्यावर. जागा वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. जसं सगळं शेत तशीच ती. चार खुंट्या ठोकून झाल्यावर म्हातारीनं विचारलं, "आन् ह्या तुकड्याचं करायचं काय, भाऊसाब?"

"काय न्हाई, मावशी. कापणी हुईस्तवर राखायचा. ह्येच्यावर मोठी भिस्त हाय. ह्यो तुकडा समद्या गावाच्या वतीनं बोलणार."

"गावाच्या वतीनं?"

"गावाच्या काय, तालुक्याच्या वतीनं. असं धरा, की हजारभर शेतं ह्येच्या तोंडानं बोलणार हायती."

हे वाक्य आकाराम दरसाल प्रत्येक शेतकऱ्याला सांगायचा. ग्रामसेवकांच्या शिबिरात सगळ्यांना ते असंच शिकवलेलं होतं, म्हणजे लोकांनी खुंट्या उपटून चुलीत घालू नयेत. बयाबाईनं ते मान हलवत ऐकलं. "आमच्या शेतात असं कवा कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली आणि खुंट्यांवर हळद-कुंकू लावायला घरातून करंडा आणायला गेली. आकारामला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो सायकलवर टांग मारून पुढच्या गावाला गेला.

माघ सरत आला तेव्हा तो काढणीला परत आला. गाव जमलं होतं. आकाराम बांधावर चढला आणि तिथंच उभा राहिला. सगळं शेत वाळक्या काटक्यांसारखं, कणसं बोटभर, निम्मी कणसं पोचट. आणि मधोमध चार खुंट्यांच्या आत शाळू पुरुषभर उंच, कणसं मुठीएवढी, दाणा टच्च भरलेला. दहिटेकच्या माळावर विहिरीशिवाय असा शाळू कुणी पाहिला नव्हता.

तक्त्यावर त्याचा इतका विश्वास होता, की पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, योगायोग असेल. चांगल्या जागेवरही खुंटी पडायचीच कधीतरी. मग तो जवळ गेला. खुंट्यांच्या कडेनं हातानं घातलेला बारका वरंबा होता. आतली माती काळी आणि ओली होती.

"मावशी, पाणी घातलंत व्हय हितं?"

"मंग?" बयाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, उलट अभिमान होता. "रोज सांजच्याला दोन घागरी. कवा तीन. राखेत शेणखत मिसळून घातलं. पाखरांवर नात बसीवली गोफण घिऊन. सरकारचा तुकडा, समद्या तालुक्याच्या वतीनं बोलणार. त्येला काय उपाशी उभा करायचा? दारात पावणा आला तर आपण न जेवता त्येला वाढतो का न्हाई?"

"पाणी कुठलं?" लालासाहेबानं विचारलं. गावची विहीर तळाला गेली होती आणि प्रत्येक घराला मोजून पाणी मिळत होतं.

"आमच्या वाट्याचं. दुसऱ्या कुणाच्या घागरीला हात लावला न्हाई मी."

जमलेली माणसं तिच्याकडं नाही, आकारामकडं बघत होती. आणेवारीचा अर्थ त्यांना समजत होता. लालासाहेब हळू आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो सोडा आन् दुसरा कुठला बी घ्या. कुणाला कळणार हाय?"

सोपं होतं. चार पावलांवर खरं पीक उभं होतं. पण आकारामनं आजवर एकदाही खुंटी हलवली नव्हती. एकदा हात सोयीच्या जागी गेला की मूठ खोटं बोलायला लागते, हे त्याला घागरीनं शिकवलं होतं. हात खरं वदवण्यासाठी गेला तरी तो हातच. तुकडा कापला, कणसं बडवली, सुपानं पाखडली, तराजूला लावली. सोळा आणे पीक.

मग आकाराम मातीत बसला आणि काटकीनं आकडे मांडून त्यानं गावाला समजावलं. तालुक्यात असे शंभर तुकडे आहेत असं धरा. नव्याण्णव तुकड्यांत सहा आणे पीक निघालं, आणि बयामावशींच्या एकट्या तुकड्यात सोळा. सगळे मिळवा आणि शंभरानं भागा. सहा आणे आणि वर एक दशांश आणा. "येका मुठीचं काय चालत न्हाई," तो म्हणाला. "कुणाची जास्ती येती, कुणाची कमी. मिळून खरं तेच निघतंय. काळजी करू नगा." लोकांना भागाकार कळला नसेल, पण त्याचा आवाज कळला. ते निवांत घरी गेले. बयाबाईनं त्याला ताक दिलं. शेऱ्याच्या जागी त्यानं लिहिलं, 'तुकड्यास हाताने पाणी घातलेले आहे, आकडा धरू नये,' आणि सही केली.

वडूजला तालुक्याच्या साहेबांसमोर सगळ्या ग्रामसेवकांची बैठक भरली. एकेकानं उठून आपल्या तुकड्यांचे आकडे वाचायचे आणि कारकुनानं ते मांडायचे. पहिल्यानं दहा आणे सांगितले. दुसऱ्यानं नऊ. तिसऱ्यानं अकरा. आकाराम आधी ऐकत होता, मग बोटांवर मोजायला लागला, मग त्यानं मोजणं सोडून दिलं. उभ्या तालुक्यात वाटेनं येताना त्यानं दोन्ही बाजूंना वाळक्या काटक्याच पाहिल्या होत्या.

शेजारी औंधच्या बाजूचा ग्रामसेवक अर्जुना बसला होता. आकारामनं त्याला कोपरानं ढोसलं. "अर्जुना, तुझ्या तुकड्याला कुणी पाणी घातलं व्हतं?"

अर्जुना तोंडावर हात ठेवून हसला. "पाणी? आमचा निवृत्त हवालदार हाय ना, त्यानं तुकड्याला काटेरी कुंपण घातलं गड्या. आन् रोज सकाळी जाऊन तपासणी. दुसऱ्या गावात तर पाटलीण घरातलं दळण सोडून पाखरं राखीत बसली. मी म्हणलं असू दे, येका तुकड्यानं काय हुतंय?"

"तू त्येला काय सांगितलं व्हतंस? खुंट्या ठोकताना?"

"काय सांगणार? आपलं नेहमीचंच. हजार शेतं ह्येच्या तोंडानं बोलणार."

दहिटेकच्या मातीत त्यानं जो भागाकार मांडला होता तो चुकीचा नव्हता. पण एका मुठीची चूक बाकीच्या मुठी भरून काढतात, ही गोष्ट सगळ्या मुठी आपापल्या मनानं चुकल्या तरच खरी. शेत कुठलं निघावं यात कुणाचा हात नव्हता, ते तक्त्यानं बरोबर केलं होतं. निघालेल्या प्रत्येक शेतावर मात्र तोच एक हात फिरला होता, पाहुण्याला वाढणारा. असे शंभर तुकडे मिळवले काय आणि हजार मिळवले काय. न ढवळलेल्या घागरीच्या वरच्या वर काढलेल्या मुठी त्या.

कारकुनानं सरासरी वाचली. नऊ आणे.

आकाराम उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं अडखळत सगळं सांगितलं. खुंट्या आधी ठोकतो, लोक तुकड्याची सरबराई करतात, हे आकडे तालुक्याचे नाहीत, तालुक्याच्या पाहुणचाराचे आहेत. कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते समजूतदार गृहस्थ होते आणि जीपमधून येताना त्यांनीही दोन्ही बाजूंची शेतं पाहिली असणार.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," ते म्हणाले. "पण मला वर कागद पाठवायचा आहे. कापण्या झाल्या, शेतं मोकळी झाली, आता परत तोलायला काही उरलेलं नाही. ज्याच्या तुकड्यात असं काही घडलं असेल त्यानं तसं लिहून द्यावं. तो आकडा मी वगळतो. अर्थात खुंट्या नियमाआधी ठोकल्या हेही त्यात येईल, आणि त्याचा खुलासा ज्याचा त्यानं द्यायचा."

लिहून द्यायला कुणीही कागद पुढं ओढला नाही. आकारामनं सगळ्यांकडे बघितलं. वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकजण मनात तोच भागाकार मांडत होता, जो त्यानं दहिटेकच्या मातीत मांडला होता: आपल्या एका तुकड्यानं काय होतंय? अर्जुना खाली बघत म्हणाला, "माझी पोरं ल्हान हायती, आकाराम."

आकारामचा शेरा आधीच लिहिलेला होता. साहेबांनी दहिटेकच्या आकड्यावर रेघ मारली आणि कारकुनाला नवी सरासरी काढायला सांगितली. आठ आणि वर त्र्याण्णव शतांश. पुरा आकडा करून लिहायचा असतो, म्हणून त्यानं परत नऊ लिहिलं.

सायकलवरून परत येताना आकारामला स्वतःचा राग आला, अर्जुनाचा आला नाही. एका तुकड्यानं काही होत नाही हे त्यानंच गावाला शिकवलं होतं, आणि ते खरं ठरलं होतं.

पुढं त्याला खुलासा द्यावा लागला, तो त्यानं दिला. त्यानंतर मात्र त्यानं खुंट्या कापणीच्याच दिवशी ठोकल्या. अंधारात सायकल काढायचा आणि शेतकऱ्यानं विळा उचलायच्या आत बांधावर हजर व्हायचा. हजार शेतांचं ते वाक्य त्यानं परत कुणाला ऐकवलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "सरकारी काम हाय," आणि कामाला लागायचा. लोक म्हणायला लागले, ग्रामसेवक पूर्वीसारखा राहिला नाही.

त्या साली शिमगा झाला आणि तलावाचं काम बंद पडलं. दहिटेकात कुणी त्याला बोल लावला नाही, त्याचंच त्याला जड गेलं. आठवड्यानं तो गावात गेला तेव्हा बयाबाईच्या दारात तट्टू उभं होतं. धुळा न्यायला आला होता. तट्टावर वाकळा, भांडी, कोंबड्यांचा डालगा बांधून झाला होता. हरणाबाई उंबऱ्यावर बसली होती, पोट सांभाळत, डोक्याला फडकं बांधून.

बयाबाई आकारामला बघून पुढं आली. "बरं झालं आलासा, भाऊसाब. मी इचारणारच व्हते. आपला तुकडा काय बोलला?"

त्याच्याजवळ दोन उत्तरं होती. तुकडा चांगलं बोलला असं सांगितलं असतं तर म्हातारी मान ताठ ठेवून वाटेला लागली असती. पण ते खोटं होतं, आणि खोट्या मुठींनी काय होतं हे तो नुकतंच बघून आला होता.

"त्यो मोजला न्हाई, मावशी," तो म्हणाला. "पाणी घातलेला तुकडा चालत न्हाई. त्येच्यावर रेघ मारली."

"मोजलाच न्हाई?"

"न्हाई."

बयाबाईला ते लवकर समजेना. तिनं एकदा शेताकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "मंग तवाच सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "पाणी घालू नगा, येवढंच."

"माझ्या ध्यानात आलं न्हाई."

ती रागावली नाही. रागावली असती तर आकारामला बरं वाटलं असतं. तिनं सुनेला हात देऊन उठवलं, तिच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "दीड म्हैना पोरीनं डोक्यावरनं पाणी घेतलं न्हाई. मीच दिलं न्हाई तिला."

मग धुळानं तट्टू हाकलं आणि त्या चौघांची रांग माळ उतरून कृष्णेच्या वाटेला लागली.